हिरवी पाटी आणि तीस वर्षांची इमारत

आमच्या सोसायटीसमोर दोन वर्षांपूर्वी बावीस मजल्यांची इमारत उभी राहिली. तिच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटवर हिरव्या पानाचं चिन्ह आहे आणि त्याखाली इमारतीला मिळालेलं पर्यावरणपूरक मानांकन सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. एका रविवारी मी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीत बसून तिच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरची एसीची बाहेरची खोकी मोजली. घरामागे तीन, काही घरांमागे चार. आमची इमारत 1989 सालची. तळमजला अधिक तीन, सोळा घरं, लिफ्ट नाही. सोळा घरांत मिळून एसी पाच. आमच्या फाटकावरही एक पाटी आहे, पण ती 'गेटसमोर वाहने लावू नयेत' एवढंच सांगते.

मी वास्तुविशारद नाही, अभियंताही नाही. वीस वर्षं छापखान्याचे हिशेब लिहिले. पुढे सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडल्यावर गळक्या गच्चीपासून सुरुवात करून सिमेंट, वीज, भिंती हे विषय वाचत, विचारत आणि साइटवर उभं राहून शिकत गेलो. त्यामुळे या लेखात वास्तुशास्त्रापेक्षा हिशेबनिसाची खोड जास्त दिसेल, ती वाचकांनी चालवून घ्यावी. माझा आक्षेपही हिशेबाचाच आहे. शहरातल्या इमारतींनी वीज कमी वापरावी, त्यांच्यापायी हवेत जाणारा कर्ब कमी व्हावा, हे आता सगळ्यांना मान्य आहे. पण त्यासाठी आपण जी वही उघडली आहे, तिच्यात सर्वांत मोठा खर्च लिहायला रकानाच ठेवलेला नाही.

आधी चांगल्याला चांगलं म्हणतो. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा. त्यानुसार 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि 2007 मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी पहिली ऊर्जा संहिता आली. घरांसाठीची 'इको-निवास संहिता' यायला 2018 चा डिसेंबर उजाडला. 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणायची वाट मोकळी झाली. यातली इको-निवास संहिता मी तीनदा वाचली. सरकारी कागद इतका शहाणा असू शकतो याचं मला नवल वाटलं. ती एसी कुठल्या तारांकनाचा घ्या इथपासून सुरुवात करत नाही. ती विचारते, भिंत आणि खिडकी मिळून किती ऊन आत घेतात? भिंतींतून, काचांतून आणि काचेवर पडणाऱ्या उन्हातून घरात शिरणारी उष्णता एकत्र मोजून तिने मर्यादा घातली आहे: इमारतीच्या बाह्यांगाच्या दर चौरस मीटरला सरासरी 15 वॉट. छतासाठी वेगळी मर्यादा आहे. उघडणाऱ्या खिडक्या किती असाव्यात तेही आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत त्यांचं क्षेत्रफळ घराच्या जमिनीच्या एक-षष्ठांश हवं.

या 'उघडणाऱ्या' शब्दापाशी थोडं थांबतो. सरकत्या दोन पल्ल्यांची खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, तीन पल्ल्यांची दोन-तृतीयांश. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. संहितेने हे टक्के कोष्टकात दिले आहेत: 50, 67 आणि 90. गेल्या पंचवीस वर्षांत आपण एकेक करून सगळ्या बिजागरीच्या खिडक्या काढल्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. म्हणजे भिंतीतलं भोक तेवढंच राहिलं, पण वारा अर्धा झाला. दोष बिल्डरवर ढकलून मोकळं होता येत नाही. 2004 साली आम्ही स्वतः बाल्कनी बंद करून घेतली, त्याच सरकत्या काचांनी. दिवाणखाना साठ फुटांनी वाढला आणि मे महिन्यात दुपारी तिथे बसवेनासं झालं. बाल्कनी हे घराचं छत्रीसारखं अंग आहे. चार्ल्स कोरियांनी मुंबईत पेडर रोडवर 1983 साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हा प्रश्न नीट ओळखला होता. समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण कलतं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी दुहेरी उंचीचे कोपऱ्यातले सज्जे देऊन राहत्या खोल्या आत सरकवल्या. श्रीमंतांची इमारत आहे, मान्य. पण जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचं तत्त्व तिथे अठ्ठावीस मजले वर गेलं. चाळीची गॅलरी तरी दुसरं काय करत होती?

आता भिंत. समोरची इमारत ज्या वेगाने वर गेली त्याचं रहस्य ॲल्युमिनियमच्या साच्यांत आहे. साइटवर या पद्धतीला सरसकट 'मायवान' म्हणतात. साचे लावायचे, सळ्या बांधायच्या आणि भिंती-स्लॅब एकदमच काँक्रीटने ओतायचे. वीट नाही, गिलावा जवळजवळ नाही, गवंडी नाही. बिल्डरच्या दृष्टीने वेळ म्हणजे व्याज, त्यामुळे त्याचं गणित बरोबर आहे. पण काँक्रीट उष्णता पटकन पुढे पाठवतं. दीडशे मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीतून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण 3.7 वॉट उष्णता आरपार जाते. आमच्या नऊ इंची गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीतून साधारण 2.1. आठ इंची हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीतून 0.8 च्या आतबाहेर. म्हणजे सगळ्यांत आधुनिक म्हणून विकली जाणारी भिंत या तिघींत सर्वांत तापणारी आहे. पश्चिमेची अशी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहा वाजता, नेमकी झोपायच्या वेळी, खोलीत ओकते. मग एसी लावावाच लागतो. त्या एसीला पाच तारे असतात आणि मानांकनाच्या अर्जात त्या ताऱ्यांचे गुण मिळतात!

मानांकनांविषयी मला आकस नाही. 'ग्रिहा' ही देशी पद्धत 'टेरी' या संस्थेने घडवली. भारतीय हरित इमारत परिषदेचं काम त्याहून थोडं आधीचं. हैदराबादचं सोहराबजी गोदरेज केंद्र 2003 मध्ये अमेरिकेबाहेरची पहिली 'लीड प्लॅटिनम' इमारत ठरलं, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी तरुण वास्तुविशारदांनी हा विषय पहिल्यांदा गंभीरपणे घेतला. सांडपाण्याचा पुनर्वापर, पावसाचं पाणी मुरवणं, सौर पॅनेल या गोष्टी सोसायट्यांच्या बोलण्यात आल्या त्यातही या मानांकनांचा वाटा आहे.

प्रश्न आहे तो परीक्षा कधी घेतली जाते याचा. नव्या इमारतीची पाटी मुख्यतः आराखडा आणि बांधकाम पाहून मिळते. माणसं राहायला यायच्या आधी किंवा आल्या-आल्या. लग्नाच्या दिवशीच सुखी संसाराचं प्रमाणपत्र द्यावं तसं हे आहे. अमेरिकेत जॉन स्कोफील्ड या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी 2009 मध्ये 'लीड' मिळालेल्या कार्यालयांची प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली. वीजनिर्मितीत जळणारं इंधन धरलं, तर त्या इमारती इतरांपेक्षा सरासरीने कमी ऊर्जा खात नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यावर वाद झाले, अजून होतात. पण न्यूयॉर्क शहराने पुढे जो कायदा केला त्याचा रोख मला पटतो. 2019 च्या त्यांच्या स्थानिक कायदा क्रमांक 97 नुसार 25 हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना 2024 पासून दर वर्षीच्या प्रत्यक्ष वापरावरून उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली आणि ती ओलांडली तर दंड. आराखड्यात काय लिहिलं होतं हे कुणी विचारत नाही. इमारत जुनी असो की नवी, बिल दाखवा.

बिल तरी कशाने भागायचं? इमारतीची ऊर्जा मोजण्याचं रूढ एकक आहे 'दर चौरस मीटरला वर्षाला इतके युनिट'. कार्यालयाला हे ठीक आहे. घराला लावलं की काय होतं ते एका मांडलेल्या उदाहरणात पाहू. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे जेमतेम 15 चौरस मीटर. त्यात सहा माणसं आणि महिन्याला 90 युनिट धरले तर चौरस मीटरमागे वर्षाला 72 युनिट होतात. दुसरीकडे 1800 चौरस फुटांचा फ्लॅट, माणसं दोन, महिन्याला 500 युनिट. चौरस मीटरमागे फक्त 36. मापपट्टीच्या मते फ्लॅट चाळीच्या दुप्पट कार्यक्षम! माणशी भागलं तर चाळीत वर्षाला 180 युनिट आणि फ्लॅटमध्ये 3000. घर जितकं मोठं आणि रिकामं, तितकं ते या कोष्टकात गुणी दिसतं. इथे गैरसमज नको. 160 फुटांत सहा माणसांनी राहावं असं मी म्हणत नाही. बीडीडीच्या रहिवाशांना पुनर्विकासात 500 फुटांचं घर मिळतं, त्यात कर्बाचं पाप शोधणारा मी कोण?

आता तो नसलेला रकाना.

मुंबई महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट त्यात आहे. त्यातल्या 2019 च्या हिशेबात शहराचं उत्सर्जन 2 कोटी 34 लाख टनांवर आहे आणि त्यातला 72 टक्के वाटा इमारती वगैरेंमध्ये वापरलेल्या ऊर्जेचा. उरलेला वाहतूक आणि कचऱ्याचा. हा हिशेब मांडायच्या आंतरराष्ट्रीय रीतीप्रमाणे शहराबाहेर तयार झालेली वीज शहरात वापरली तर तिचा धूर शहराच्या खात्यात येतो. हे योग्यच आहे. पण शहराबाहेर भाजलेलं सिमेंट आणि वितळवलेलं पोलाद शहरात आलं, तर त्यांचा धूर शहराच्या खात्यात येत नाही. तो जिथे निघाला तिथलाच. मी एकदा चंद्रपूरहून गडचांदूरला एसटीने गेलो होतो. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटच्या कारखान्यांचा हा पट्टा. रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा राखाडी झालेल्या. आमच्या शहरांच्या हिरव्या पाट्यांचा खर्च त्या तालुक्यांच्या नावे टाकलेला आहे.

सिमेंटची अडचण अशी की तिथे धूर फक्त भट्टीच्या कोळशाचा नसतो. चुनखडी सुमारे 1450 अंशांच्या भट्टीत जाते, तेव्हा तिच्यातच बांधलेला कर्बवायू सुटतो आणि चुना उरतो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कर्बवायू. ही रसायनाची गोष्ट आहे. उद्या भट्टी सूर्यावर चालवली तरी हा वायू सुटणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग याचा. फ्लाय ॲश, पोलादभट्टीची मळी किंवा भाजलेली चिकणमाती मिसळून क्लिंकर कमी करता येतं. चिकणमाती आणि चुनखडीच्या मिश्र सिमेंटवर आयआयटी दिल्ली आणि मद्रासने स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांबरोबर चांगलं काम केलं आहे. पण कमी होतं, शून्य होत नाही.

आता हिशेबनिसाचा हिशेब. कंत्राटदारांचा ठोकताळा आहे की एक चौरस फूट बांधकामाला साधारण 0.4 गोणी सिमेंट आणि 4 किलो सळई लागते. उंच इमारतीला सळई जास्त लागते, ते सोडून देऊ. 1000 चौरस फुटांना 400 गोण्या म्हणजे 20 टन सिमेंट. आपल्याकडच्या मिश्र सिमेंटला टनामागे 0.6 टन कर्बवायू धरला तर 12 टन. सळई 4 टन. भारतीय पोलादाला टनामागे सुमारे अडीच टन, म्हणजे 10 टन. एकूण 22 टन. यात ब्लॉक, फरशी, काच, ॲल्युमिनियम, पार्किंगचे मजले आणि जुनी इमारत पाडून राडारोडा वाहून नेणं काहीच नाही. आता याच कुटुंबाचं वीजबिल. महिन्याला 150 युनिट धरा. आमच्या इमारतीतली बहुतेक घरं या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कर्बवायू. वर्षाला सव्वा टन. म्हणजे नव्या घराचं नुसतं सिमेंट आणि सळई या कुटुंबाच्या सुमारे साडेसतरा वर्षांच्या संपूर्ण विजेइतकं आहे. नवं घर इतकं उत्तम निघालं की बिल एक-चतुर्थांशाने उतरलं, तरी ही उचल फिटायला सत्तर वर्षं लागतील. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तशी वाचवलेल्या युनिटची किंमत कमी होत जाईल आणि मुदत आणखी लांबेल.

आणि आपल्या राज्यात इमारत पुनर्विकासाला पात्र कधी होते? तीस वर्षांनी. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या 2020 च्या एकात्मिक नियमावलीत तीस वर्षं उलटलेल्या सोसायट्यांना पुनर्बांधणीसाठी जादा चटईक्षेत्र मिळतं. त्याच नियमावलीत हरित इमारतीला बक्षीस आहे: मानांकनाच्या पायरीनुसार मूळ एफएसआयच्या 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय. हे वाक्य मी पुन्हा वाचलं. काटकसरीचं बक्षीस म्हणून जास्त बांधायची परवानगी. उपास नीट केला म्हणून दोन पुरणपोळ्या जास्त!

बांधकामाचा कर्ब मोजताच येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर डेन्मार्क 2023 पासून तो मोजतो. तिथे 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतीला साहित्य आणि वापर मिळून, पन्नास वर्षांवर विभागून, दर चौरस मीटरला वर्षाला 12 किलोची मर्यादा घातली गेली. लंडनमध्येही मोठ्या प्रकल्पांना असा पूर्ण आयुष्याचा हिशेब द्यावा लागतो. अर्थात हिशेब दिला म्हणजे इमारत वाचते असं नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मार्क्स अँड स्पेन्सरचं जुनं दुकान पाडायला 2023 मध्ये मंत्र्यांनी नकार दिला, 2024 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि वर्षाअखेर सरकारने परवानगी दिली. पण दीड-दोन वर्षं एका श्रीमंत शहरात 'पाडायचं का?' हा प्रश्न कर्बाच्या भाषेत विचारला गेला. आपल्याकडे सर्वसाधारण सभेत विचारला जाणारा प्रश्न 'कार्पेट किती वाढवून देणार?' हा असतो.

हे मी तुच्छतेने म्हणत नाही, कारण त्या सभेत मीही बसतो. माझी आई 84 वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत ती चार वेळा खाली उतरली. त्यातल्या दोनदा खुर्चीत बसवून उतरवली. आम्ही बाहेरून लिफ्ट बसवायची चौकशी केली. बाजूची मोकळी जागा अपुरी, तळमजल्याचे सभासद वर्गणी द्यायला तयार नाहीत आणि त्यांचं तरी काय चुकलं? गच्चीचा कोबा दोनदा केला, वर पांढऱ्या चायना चिप्स बसवल्या, त्याने वरच्या मजल्याची उन्हाळ्यातली तगमग बरीच कमी झाली. पण टाक्यांच्या खालचे कॉलम फुटले आहेत, दुरुस्तीचा अंदाज घरटी लाखांत गेला आहे आणि सोळापैकी सहा घरं निवृत्तिवेतनावर चालतात. उलट बिल्डर म्हणतो, एक पैसा देऊ नका, लिफ्ट घ्या, दोनशे फूट जास्त घ्या, तोवरचं भाडं घ्या. हा पैसा त्याच्या खिशातला नाही, तो जादा एफएसआयमधून येतो. तोच एफएसआय किंवा त्याची रक्कम दुरुस्तीला, लिफ्टला, भिंतीवर सावली करायला मिळाली असती तर आमची इमारत आणखी तीस वर्षं सहज उभी राहिली असती, असं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्यांनीच मला सांगितलं. जुन्या इमारतींनाही हरित मानांकन मिळू शकतं, त्याची वेगळी प्रमाणपत्रं आहेत. पण पाडलं तर पैसे आहेत, सांभाळलं तर वर्गणी.

वर मांडलेला बावीस टनांचा हिशेब मी एका कागदावर सभेत वाटला होता. कुणी हसलं नाही, हे आमच्या लोकांचं सौजन्य. एका काकूंनी विचारलं, "हे सगळं खरं असेल हो, पण तुमच्या आईला काय सांगता?" मी काही सांगितलं नाही. ठरावाला अनुमती देणाऱ्या सह्यांत माझी सही चौदावी आहे.

करारनाम्याच्या परिशिष्टात मी चार गोष्टी मागितल्या होत्या. खिडक्या बिजागरीच्या, पश्चिमेला दोन फुटांचा छज्जा, बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या आणि काँक्रीटमध्ये जास्तीत जास्त मळीचं सिमेंट. छज्जा मिळाला, तोही दीड फुटाचा. बिजागरीच्या खिडक्यांना 'वरच्या मजल्यांवर वाऱ्याने पल्ले आपटतात' म्हणून नकार आला. त्यात थोडं तथ्य आहे. सिमेंटचं सल्लागार ठरवतील. ब्लॉकच्या भिंती साच्यांच्या पद्धतीत बसत नाहीत म्हणून काँक्रीटच्याच राहणार. मानांकन मात्र नक्की घेणार, असं त्यांनी न मागता लिहून दिलं. त्यामुळे तीन टक्के जादा एफएसआय मिळतो.

गेल्या आठवड्यात पाडकामवाल्याचा माणूस घरी येऊन गेला. सागवानी चौकटी, खिडक्यांचे गज, बाल्कनीतल्या सरकत्या काचांचं ॲल्युमिनियम, सगळं टेपने मोजून त्याने वहीत भाव लिहिले. नऊ इंची भिंतीवर त्याने हात फिरवला, ठोकून पाहिलं. "वीट चांगली आहे," म्हणाला. तिचा भाव विचारला तर म्हणाला, सिमेंटात बांधलेली वीट सुटी निघत नाही साहेब, ती भरावात जाते.